जळाल्या त्या नऊ, उरल्या त्या सोळा

१९५६ साल संपत आलं तेव्हा इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात, ब्राउन्स लेनवरच्या जॅग्वार कारखान्यात पंचवीस मोटारी गिऱ्हाइकाविना पडून होत्या. काही पूर्ण झालेल्या, काही अर्धवट. माल टाकाऊ नव्हता, उलट खानदानी होता. डी-टाइप नावाच्या याच जातीच्या मोटारीने फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत १९५५ मध्ये जिंकली होती, १९५६ मध्ये पुन्हा जिंकली होती. पण ऑक्टोबरमध्ये कंपनीने स्वतः शर्यतींतून अंग काढून घेतलं, आणि हौशी शर्यतपटूंपैकी ज्यांना डी-टाइप परवडत होती त्यांनी ती आधीच घेतलेली होती. बाकीच्यांना ती घेऊन करायची काय हा प्रश्न होता. बाजारहाटाला नेता येत नाही, बायकोला शेजारी बसवता येत नाही, पाऊस आला तर डोक्यावर काही नाही.

या पडून राहिलेल्या पंचविसांपैकी सोळा मोटारी आज जगातल्या सगळ्यात महागड्या ब्रिटिश मोटारींत गणल्या जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या लिलावात त्यांतली एक १ कोटी ३२ लाख डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने शंभर कोटी रुपयांहून जास्त. तिचं नाव जॅग्वार एक्सकेएसएस. आणि तिच्या कथेतला अगदी अलीकडचा अंक लिहिला गेला तो जॅग्वारची मालकी मुंबईच्या फोर्ट भागात, होमी मोदी स्ट्रीटवरच्या बॉम्बे हाउसकडे, म्हणजे टाटांकडे असताना.

आधी डी-टाइपबद्दल थोडं सांगायला हवं, कारण एक्सकेएसएस म्हणजे कपडे बदललेली डी-टाइपच. तिचा आकार माल्कम सेयर या माणसाने काढला. सेयर मोटारवाला नव्हता. तो ब्रिस्टलच्या विमान कारखान्यातून आलेला, हवेच्या प्रवाहाचं गणित मांडणारा तंत्रज्ञ. विमानाच्या धडात असतो तसा मधला भाग त्याने पत्र्याचं एकसंध कवच म्हणून बांधला आणि पुढे इंजिन धरायला नळ्यांची चौकट जोडली. वेगळ्या चेसिसवर वरून बॉडी चढवायची जुनी रीत इथे नव्हती. ड्रायव्हरच्या डोक्यामागून शेपटीपर्यंत जाणारा उभा पंख हाही विमानातूनच आलेला, ल माँच्या लांबलचक सरळ रस्त्यावर गाडी डगमगू नये म्हणून. चारही चाकांना डनलॉपचे डिस्क ब्रेक. त्या काळात भल्याभल्या गाड्या ड्रम ब्रेकवर होत्या, आणि वेगाने जाऊन उशिरा ब्रेक मारता येणं हीच जॅग्वारची खरी मिळकत होती.

जॅग्वारचा मालक विल्यम लायन्स याला मात्र शर्यतीचं वेड नव्हतं. त्याला विक्रीचं वेड होतं. ब्लॅकपूलमध्ये १९२२ साली मोटरसायकलच्या साइडकार बनवण्यापासून त्याने सुरुवात केली होती. देखणी गाडी शेजारच्या दुकानापेक्षा स्वस्तात कशी द्यायची हे त्याला उपजत कळत होतं. शर्यत ही त्याच्या लेखी जाहिरात होती. रविवारी ल माँ जिंकायची, सोमवारी न्यूयॉर्कच्या शोरूममध्ये गाड्या खपवायच्या. १९५५ साली या जाहिरातीची किंमत त्याने भलतीच मोजली. शर्यत बघायला ल माँकडे मोटारीने निघालेला त्याचा एकुलता एक मुलगा जॉन फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याच शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांच्या बाजूला उडाली आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. मर्सिडीजने रात्रीत आपल्या गाड्या मागे घेतल्या. जॅग्वार पळत राहिली आणि जिंकली. त्या विजयाबद्दल इंग्रजांमध्येही पुढे फारसं मोठ्याने कुणी बोललं नाही.

एका वर्षानंतर कंपनीने शर्यत सोडली त्याची कारणं अधिक व्यवहारी होती. खर्च वाढत होता, आणि रोजच्या विक्रीच्या गाड्यांची कामं करायची सोडून इंजिनिअर शर्यतीत अडकले होते. लायन्सच्या हिशोबात हे बसत नव्हतं. आणि पंचवीस गाड्या गोदामात उभ्या ठेवणं तर त्याहून बसत नव्हतं.

मग यांनाच रस्त्यावर चालण्याजोगं करून अमेरिकेत विकावं, असं ठरलं. कल्पना नेमकी कुणाची यावर जॅग्वारवाल्यांच्या गप्पा संपत नाहीत. १९५३ मध्ये जॅग्वारसाठी ल माँ जिंकलेला डंकन हॅमिल्टन हा रांगडा शर्यतपटू कारखान्याची एक डी-टाइप विकत घेऊन ती रस्त्यावर चालवत होता. त्यावरून सुचलं असं बरेच जण सांगतात. अमेरिकेत तेव्हा युरोपीय स्पोर्ट्स मोटारींची लाट होती, तिथल्या क्लबांच्या शर्यतींत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी वेगळा गट होता, आणि त्या गटात डी-टाइपला शिरवायचं तर तिला निदान दिसायला रस्त्याची गाडी करणं भाग होतं.

केलं काय, तर अगदी मोजकं. डोक्यामागचा पंख कापला. ड्रायव्हर आणि शेजारची जागा यांच्यामधली पत्र्याची भिंत काढली. डाव्या बाजूला दुसरं दार बसवलं. पूर्ण रुंदीची, क्रोमच्या चौकटीतली काच पुढे आली. बाजूला काढघालीच्या खिडक्या आल्या. पुढे-मागे क्रोमचे बारीकसे बंपर, दिव्यांभोवती क्रोमच्या कडा, मागचे दिवे कंपनीच्याच एक्सके १४० या मॉडेलचे. वर कापडी टप, पण तोही असा की घातला तर बसणाऱ्याची मान आखडावी. सामान ठेवायला डिकी नव्हतीच, कारण शेपटीत पेट्रोलची टाकी आणि जादा चाक. म्हणून मागच्या उतारावर क्रोमच्या दांड्यांचं कॅरिअर ठोकलं. एक्झॉस्टचे पाइप डाव्या दाराखालून बाहेर पडत होते तसेच राहिले. उतरताना शेजारणीच्या पायाला चटका बसू नये म्हणून वर एक जाळीदार कवच लावलं, एवढंच. स्टिअरिंगही होतं तिथेच, उजवीकडे. ज्या देशात विकायची त्या देशात रस्त्याच्या उजवीकडून गाड्या चालतात याची फिकीर कुणी केली नाही.

आत मात्र सगळं शर्यतीचं राहिलं. ३,४४२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, तीन वेबर कार्ब्युरेटर, अडीचशे अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन नऊशे-साडेनऊशे किलो, म्हणजे आज आपल्या सोसायटीत उभ्या असणाऱ्या छोट्या हॅचबॅकएवढं. ताशी २३० किलोमीटरच्या पुढे सहज जाणारी ही वस्तू जानेवारी १९५७ मध्ये जाहीर झाली. अमेरिकेतली किंमत ६,९०० डॉलर.

मला या बदलांच्या यादीत लायन्सचा धंदेवाईक मेंदू स्वच्छ दिसतो. यातला एकही बदल महागडा नाही. जे बाजूच्या खोलीत तयार होतं ते आणून लावलं. आज या गाडीच्या देखणेपणावर जाडजूड पुस्तकं निघतात. डोळ्यांचं पारणं फेडणारी ती रेषा सेयरची, हे खरं. पण पंख कापल्यामुळे आणि काच उंच झाल्यामुळे तिला जो ऐटबाज, थोडा उद्धट तोंडवळा आला तो शिल्लक माल खपवण्याच्या घाईतून आला. चार वर्षांनी, १९६१ च्या मार्चमध्ये, जिनिव्हाला जॅग्वारची ई-टाइप आली आणि जगाने तिला डोक्यावर घेतलं. तिचाही आकार सेयरचाच. शर्यतीची गाडी रस्त्यावर आणायची ही रंगीत तालीम एक्सकेएसएसवर आधीच होऊन गेली होती.

जाहीर होऊन महिनाही झाला नव्हता. १२ फेब्रुवारी १९५७ च्या संध्याकाळी ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांसाठी बांधलेला तो कारखाना. नोव्हेंबर १९४० च्या जर्मन बॉम्बफेकीत बेचिराख झालेल्या शहरातला. कॉव्हेंट्रीच्या लोकांना आग नवी नव्हती. निम्म्याच्या आसपास कारखाना होरपळला, शेकडो तयार मोटारी जळाल्या, नुकसान तीस लाख पौंडांच्या घरात गेलं. कामगारांनी आणि वितरकांनी कंबर कसली आणि काही दिवसांतच रोजच्या गाड्यांचं उत्पादन पुन्हा सुरू झालं, ही जॅग्वारच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे. पण पंचविसांपैकी नऊ मोटारी त्या रात्री गेल्या. साचे आणि सुटे भागही गेले. न खपलेल्या मालासाठी नवे साचे कोण करणार? एक्सकेएसएसचं प्रकरण तिथेच मिटलं. सोळा गाड्या. पुढे कंपनीने दोन डी-टाइप गिऱ्हाइकांसाठी एक्सकेएसएससारख्या करून दिल्या, म्हणून काही जण अठरा म्हणतात. जाणकार सोळाच मोजतात.

आणखी एक गोष्ट आहे. आग लागल्यावर चार महिन्यांनी, जून १९५७ मध्ये, ल माँला डी-टाइप गाड्यांनी पहिले चारही क्रमांक मारले आणि सहावाही. कंपनी शर्यतीत नव्हतीच. पहिल्या दोन गाड्या एक्यूरी एकॉस या स्कॉटलंडच्या खासगी संघाच्या होत्या. ही खबर सहा महिने आधी आली असती तर पंचवीस गाड्या शर्यतीच्या म्हणूनच खपल्या असत्या, आणि एक्सकेएसएस जन्मालाच आली नसती.

त्या सोळांपैकी बारा अमेरिकेला गेल्या, दोन कॅनडाला, एक इंग्लंडात राहिली आणि एक हाँगकाँगला गेली. आशियात या गाडीने नाव काढलं ते हाँगकाँगच्या बाजूलाच. पोर्तुगीजांच्या मकावमध्ये दरवर्षी नोव्हेंबरात शहरातल्या रस्त्यांवर ग्रां प्री होत असे. १९५९ ची शर्यत रॉन हार्डविकने जिंकली, १९६० ची मार्टिन रेडफर्नने, दोघांनीही एक्सकेएसएस हाकून. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाड्यांच्या भिंती, मधून चिंचोळा रस्ता. म्हणजे लायन्सने ज्या गाडीला रस्त्याची म्हणून विकलं तिने पूर्वेला येऊन रस्त्यावरच शर्यत मारली.

पण गाडीला दंतकथा केलं ते एका मालकाने. चेसिस नंबर ७१३. रंग पांढरा, आतलं चामडं लाल. लॉस एंजेलिसजवळ रिव्हरसाइडचा शर्यतीचा ट्रॅक उभारणाऱ्या गृहस्थाने ती पहिल्यांदा घेतली. त्याच्याकडून ती बिल लेडन या रेडिओ-टीव्हीवरच्या निवेदकाकडे गेली. तो ती सनसेट बुलेव्हार्डवरच्या स्टुडिओच्या आवारात लावत असे, आणि तिथे ती रोज एका होतकरू नटाच्या नजरेला पडत होती. स्टीव्ह मॅकक्वीन तेव्हा अजून मोठा नव्हता. बालपण घराबाहेर, सुधारगृहात गेलेलं, मग अमेरिकेच्या मरीन दलात सैनिक, मग न्यूयॉर्कमध्ये नाटकाचं शिक्षण. १९५८ मध्ये टीव्हीवरची काउबॉय मालिका त्याला नुकती मिळाली होती. त्याने ५,००० डॉलर मोजून ती जॅग्वार घेतली. दीड वर्षापूर्वीच्या शोरूमच्या किमतीपेक्षा जवळजवळ दोन हजारांनी कमी. सेकंडहँड म्हणून स्वस्त पडली, दुसरं काही नाही.

त्याने तिला गडद हिरवा रंग दिला, इंग्लंडच्या शर्यतीच्या गाड्यांचा. आतलं लाल चामडं काढून काळं घातलं. ते काम टोनी नॅन्सी या शर्यतवेड्या कारागिराने केलं. डॅशबोर्डवरच्या खणाला झाकण नव्हतं, म्हणजे जोरात वळण घेतलं की आतलं सगळं बायकोच्या मांडीवर. तर व्हॉन डच या अवलियाने पत्रा ठोकून झाकण करून दिलं. हा व्हॉन डच म्हणजे मोटारींवर बारीक रेघा ओढणारा कॅलिफोर्नियातला विक्षिप्त कलाकार. त्याच्या नावाच्या टोप्या पुढे जगभर विकल्या गेल्या. मॅकक्वीनने गाडीला नाव ठेवलं ‘हिरवा उंदीर’.

तिच्यामुळे त्याला इतक्या दंडाच्या पावत्या मिळाल्या की पहिल्याच वर्षी परवाना जायची वेळ आली. त्याला जो पकडेल त्याला मेजवानी, अशी पैज तिथल्या पोलिसांत लागली होती, असंही सांगतात. एक किस्सा त्याची पहिली पत्नी नील हिने पुढे सांगितला. तिला दिवस गेलेले असताना मॅकक्वीन भरधाव जाताना सापडला. पोलिसाला म्हणाला, बायकोला कळा सुरू झाल्यात. पोलिसांनी पुढे गाडी घालून दोघांना इस्पितळापर्यंत नेलं. पोलिस परतल्यावर याने नर्सला सांगितलं, कळा खोट्या निघाल्या. नवरा खूश, बायको दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. आपल्याकडे या गोष्टीवर नवऱ्याचं कौतुक करत हसण्याची रीत आहे. मला मात्र नीलचा राग अधिक पटतो.

मॅकक्वीन ‘बुलिट’ या सिनेमामुळे १९६८ मध्ये जगाचा नट झाला आणि १९६९ मध्ये त्याने ही गाडी विकली. घेतली बिल हॅरा याने. हॅरा नेवाडातल्या रीनो गावचा जुगारगृहांचा मालक. मोटारी जमवण्याचं त्याचं वेड असं की संग्रहाचा आकडा चौदाशेच्या घरात गेलेला. मॅकक्वीनला पुढे पस्तावा झाला. त्याच सुमारास तो ल माँच्या शर्यतीवरचा सिनेमा करत होता, म्हणजे ज्या शर्यतीसाठी त्याची गाडी मुळात जन्मली तिथेच. १९७७ मध्ये त्याने ती परत मिळवली आणि ७ नोव्हेंबर १९८० रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी मेक्सिकोत शस्त्रक्रियेनंतर मरेपर्यंत जवळ ठेवली. १९८४ मध्ये त्याच्या मालमत्तेचा लास व्हेगासला लिलाव झाला. गाडी त्याच्याच एका शेजारी मित्राने सुमारे दीड लाख डॉलरला सोडवून घेतली, आणि इंग्लंडात पाठवून नीट करून घेतली. २००० साली ती मोटारींच्या मासिकांचे प्रकाशक रॉबर्ट पीटरसन आणि त्यांच्या पत्नी मार्जी यांच्याकडे आली. त्यांनी उभारलेल्या लॉस एंजेलिसच्या पीटरसन मोटार संग्रहालयात ती आज आहे.

सात जणांच्या हातांतून गेलेली गाडी. कंपनीही हात बदलण्यात मागे राहिली नाही. लायन्सने १९६६ मध्ये जॅग्वार ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनला जोडली. १९६८ मध्ये ती ब्रिटिश लेलँड या सरकारच्या गळ्यात पडणाऱ्या अवाढव्य कारभारात गेली. १९८४ मध्ये सुटून पुन्हा स्वतंत्र झाली. १९८९ च्या अखेरीला फोर्डने घेतली. ब्राउन्स लेनवरची जुळणी २००५ मध्ये फोर्डच्याच काळात थांबली. आणि २ जून २००८ रोजी टाटा मोटर्सने २३० कोटी डॉलर देऊन जॅग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही घेतल्या. रतन टाटा, फोर्ड आणि डेट्रॉइटच्या अपमानाची जी गोष्ट आपल्याकडे प्रत्येक व्हॉट्सअॅप गटात फिरते ती वाचकांना पाठ आहे. इथे पुन्हा सांगत नाही. २०११ पासून पुण्याजवळ चिंचवडला लँड रोव्हरच्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली आणि पुढे जॅग्वारचीही. इंडिका बनवणाऱ्या गावात जॅग्वार जुळू लागली. ती बातमी पुणेकरांनी नेहमीच्या पद्धतीने, ‘बरं, मग?’ म्हणून घेतली.

टाटांच्या काळात जॅग्वारने आपल्याच भूतकाळाचा धंदा मांडला. वाईट अर्थाने म्हणत नाही. १९६३ मध्ये हलक्या ई-टाइपच्या अठरा गाड्या काढायचं ठरलं होतं, बारा निघाल्या होत्या. उरलेल्या सहा कंपनीने २०१४ नंतर बनवल्या. त्याच २०१४ मध्ये एका इंग्लिश संग्राहकाच्या ५४३ जुन्या ब्रिटिश मोटारी जॅग्वार लँड रोव्हरने एकगठ्ठा विकत घेतल्या. २०१६ च्या मार्चमध्ये जाहीर झालं, १९५७ मध्ये जळालेल्या नऊ एक्सकेएसएस आम्ही पुन्हा बांधणार. किंमत प्रत्येकी दहा लाख पौंडांच्या वर. वॉरिकच्या कार्यशाळेत जुन्या अस्सल गाड्यांचं इंचाइंचाने मोजमाप झालं. पत्रा पुन्हा हाताने ठोकला, फ्रेमच्या नळ्यांचं काम जुन्या रीतीने केलं, इंजिनाचे ब्लॉक नव्याने ओतले. एकेका गाडीवर दहा हजार तास खर्ची पडतील असं कंपनीने सांगितलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांतली पहिली लॉस एंजेलिसला दाखवली, तीही पीटरसन संग्रहालयात. मॅकक्वीनच्या ७१३ चं घर तेच.

कंपनीचं म्हणणं साधं आहे. या नऊ नकला नाहीत. १९५७ मध्ये आगीने थांबवलेलं काम आम्ही पूर्ण केलं, एवढंच. बांधणारी कंपनी तीच, आराखडा तोच, नंबरही त्याच क्रमातले. मग यांना खोट्या कशा म्हणाल?

हा प्रश्न मोटारींच्या दुनियेत दिसतो त्यापेक्षा चिघळलेला आहे. जुन्या शर्यतीच्या गाड्या आदळतात, जळतात, तुटतात. त्यांचे भाग वेगवेगळ्या हातांत जातात. डी-टाइपची पुढची चौकट एकाकडे, मधलं कवच दुसऱ्याकडे, आणि दोघेही अस्सल नंबरवर हक्क सांगतात, असे वाद या गाड्यांच्या बाबतीत झालेले आहेत. आपल्याकडे आरसी बुकावर नाव असलं की मालकी सिद्ध. पण कोट्यवधीच्या गाडीत मालकी आधी सिद्ध होते, गाडी कोणती हे नंतर.

स्वीडनमध्ये एका दांपत्याने जॅग्वारची जुनी सी-टाइप, म्हणजे डी-टाइपची थोरली बहीण, हौसेने नव्याने बांधायला घेतली. कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं. तो आकार ही कलाकृती आहे, तिच्यावर आमचा हक्क आहे, असा दावा. २०२० मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. जगभरच्या हौशी मोटारवाल्यांनी बोंब ठोकली. २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. साठ वर्षं घरोघरी, गॅरेजोगॅरेजी अशा प्रतिकृती बनत होत्या, तेव्हा कंपनीला त्या खपत होत्या. स्वतः नव्याने बनवून विकायला लागल्यावर त्या खुपू लागल्या. इथे मी कंपनीच्या बाजूने नाही, मालक बॉम्बे हाउसमध्ये बसत असले तरी.

आपल्याकडचा नियम या वादात बघण्यासारखा आहे. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि रोजच्या वापराला मनाई. या मोजपट्टीवर मॅकक्वीनची ७१३ बसते. रंग आणि खणाचं झाकण हा काही फेरबदल नव्हे. नव्या नऊ बसत नाहीत, त्यांचं वय पन्नासच्या आसपासही नाही. आमचे सरकारी नियम लिहिणाऱ्यांना मोटारींचं प्रेम असतं असा आरोप कुणी करणार नाही, पण या एका बाबतीत त्यांची व्याख्या लिलावगृहांच्या व्याख्येपेक्षा स्वच्छ आहे.

लिलावाच्या आकड्यांनीही निकाल देऊन टाकला आहे. अस्सल सोळांपैकी एकीला १ कोटी ३२ लाख डॉलर, आणि कारखान्यातून आलेल्या नव्याकोऱ्या, यांत्रिकदृष्ट्या बहुधा जास्तच चोख असलेल्या भावंडाला दहा लाख पौंडांहून थोडं वर. मधली जी दहापट तफावत आहे ती पत्र्याची नाही, इंजिनाची नाही. ती मकावच्या चिंचोळ्या रस्त्याची आहे, रीनोच्या जुगारवाल्याची आहे, पोलिसांना थाप मारणाऱ्या नटाची आणि त्याच्यावर रागावलेल्या बायकोची आहे. ७१३ ला बाजारात आणली तर काय येईल याचे अंदाज अनेक जण बांधतात, पण ती संग्रहालयाची आहे आणि विक्रीला नाही.

माझं मत एवढंच की नव्या नऊंना खोट्या म्हणू नये. त्या कारागिरांनी जीव ओतून केल्या आहेत, आणि बांधणाऱ्याचा हक्क कंपनीकडेच होता. पण त्यांच्या पाटीवर १९५७ साल मिरवू नये. जे साल आगीत गेलं ते दहा हजार तास घालून परत येत नाही. नऊ जळाल्या, सोळा उरल्या, हाच हिशोब राहू द्यावा. त्यात नऊ मिळवून पंचवीस करण्याचा मोह संग्राहकांनी आणि त्यांच्या दलालांनी टाळावा.

कॅलिफोर्नियात मुलाबाळांकडे जाणाऱ्या मराठी आई-वडिलांची संख्या आता मोठी आहे, आणि डिस्नेलँड पाहून झाल्यावर तिथे दुपारी करायचं काय हा प्रश्न बहुतेकांना पडतो. पीटरसन संग्रहालय लॉस एंजेलिसला विल्शायर बुलेव्हार्ड आणि फेअरफॅक्स अॅव्हेन्यूच्या चौकात आहे. हिरवी ७१३ कधी दालनात असते, कधी तळघरातल्या व्हॉल्टमध्ये, आणि व्हॉल्टचं तिकीट वेगळं काढावं लागतं. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा.